फ्लॉरेन्सच्या थंडीत, चारचौघांसारखे

शुक्रवार, कोल्हापूर

कोल्हापुरातील जानेवारीची पहाट फार तर १४-१५ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी तोच पारा तिशीला टेकलेला असतो. त्यामुळे आमच्या कपाटात हिवाळ्याच्या नावाने एक बिनबाह्यांचा स्वेटर, एक शाल आणि कोणाच्या तरी लग्नात शिवलेला सूट याखेरीज काही निघाले नाही. आम्ही निघालो होतो ते इटलीतील फ्लॉरेन्सला; तेथे याच महिन्यात दिवसाचे तापमान १०-११ अंशांवर अडते आणि पहाटे ते २ अंशांच्या आसपास येते. आकडे ऐकायला भयंकर नाहीत. पण आर्नो नदीकाठचा ओलावा त्यात मिसळला की ती थंडी कपड्यांवरून न वाहता कपड्यांत शिरते, असे तेथे शिकत असलेल्या आमच्या भाचीने बजावले होते. जुनी चित्रे आणि कागद यांच्या जतनाचा अभ्यासक्रम ती करते. १९६६ च्या नोव्हेंबरातील महापुरात फ्लॉरेन्समधील असंख्य ग्रंथ आणि चित्रे चिखलात गेली आणि त्यांना वाचवता वाचवता हे शहर या विद्येचे माहेरघर झाले.

भाचीने फोनवर दिलेल्या सूचनांमध्ये थंडीपेक्षा दिसण्याला अधिक जागा होती. "मामा, माकडटोपी आणू नका, आणि मामीला सांगा, साडीवर स्पोर्ट्स शूज नकोत," हे पहिले वाक्य. पुढचे सविस्तर होते. पर्यटकांच्या गावात खिसेकापू, रस्त्यावरचे विक्रेते आणि बळेच हातात फूल देऊन पैसे मागणारे लोक माणसाला लांबूनच जोखतात, आणि ते जोखतात ते चेहऱ्यावरून कमी आणि पेहरावावरून अधिक. सहल कंपनीची रंगीत टोपी, पोटावर उलटी बांधलेली सॅक, अंगापेक्षा दोन मापांनी मोठे आणि नुकतेच दुकानातून काढलेले भडक जॅकेट, या गोष्टी शंभर पावलांवरून ओळखू येतात. त्यापेक्षा काळा, गडद निळा, राखाडी किंवा उंटाच्या रंगाचा मांडीपर्यंत येणारा कोट, लोकरीचा गळपट्टा, जाड रबरी तळाचे बंद चामडी बूट आणि आत पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, एवढे असले की पुरे.

थर्मल आम्ही गांधीनगरच्या बाजारात घेतले आणि स्वेटर हिवाळ्यात शहरात मुक्कामाला येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडे. थर्मल अंगाला घट्ट बसणारे आणि पातळच हवे, कारण गरम ठेवते ती कापडाची जाडी नव्हे, तर दोन थरांमध्ये अडकून राहिलेली हवा. एकच जाडजूड स्वेटर घातला की रस्त्यावर तो अपुरा पडतो आणि दुकानात घाम काढतो. बुटांचा प्रश्न अधिक नाजूक होता. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनवरून रोज जाणाऱ्या माणसाने बंद बुटांसाठी दुसरीकडे वळायचे, हीच मुळात जिवावर येणारी गोष्ट; त्यातून जून २०२५ मध्ये इटलीतील मिलानच्या फॅशन मंचावर प्राडा या कंपनीच्या मॉडेलांनी कोल्हापुरीसारख्या चपला घातल्या आणि त्यावरून एवढा गदारोळ उठला, तरी त्याच देशात आम्ही आमची पावले झाकून निघालो होतो. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेचा काही दोष नाही. ती ज्या उन्हासाठी आणि ज्या मातीसाठी घडली, ते ऊन आणि ती माती तेथे नाही, इतकेच.

नवे बूट परदेशात पहिल्यांदा घालणे म्हणजे टाचेला फोड आणण्याची हमी, म्हणून दोन आठवडे रोज सकाळी आम्ही उभयता ते घालून रंकाळ्याला फेरी मारत होतो. उन्हात चमकणारे ते जाड बूट पाहून नेहमीच्या मंडळींपैकी एकाने विचारलेच, "काय ओ, कुठं बर्फात निघालायसा काय?"

पत्नीच्या बॅगेत सर्वांत खाली एक इरकली साडी गेली. साडी नेण्याला भाचीचा विरोध नव्हता, पण रोजच्या वापरासाठी ती गैरसोयीची, असे तिचे मत. पत्नीचे उत्तर तयार होते: बाकी सर्व दिवस तुमच्या म्हणण्याप्रमाणे, फ्लॉरेन्समधील, कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या स्मारकाला मात्र कोल्हापूरची बाई म्हणूनच जाणार. यावर कोणालाच बोलता आले नाही.

शनिवार, मुंबई

महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई आणि रात्रीचे विमान. बूट आणि कोट या सर्वांत जड वस्तू अंगावर घालून जाव्यात म्हणजे सामानाचे वजन आटोक्यात राहते, हा सल्ला उत्तम आहे. फक्त तो देणाऱ्याने मुंबईच्या जानेवारीत टॅक्सीतून प्रवास करून पाहावा. कोट हातावर आणि बूट पायांत, अशा तडजोडीने आम्ही विमानतळ गाठला.

रविवार, रोम आणि फ्लॉरेन्स

रोमला उतरून टर्मिनी स्थानकातून वेगवान गाडी धरली की फ्लॉरेन्सचे सांता मारिया नोव्हेला स्थानक दीड तासात येते. गाडीची वाट पाहताना मी लोकांच्या कपड्यांचे जेवढे निरीक्षण केले तेवढे एरवी कोणी केले तर आपण त्याला हटकू. काळ्या रंगाचे फुगीर, आडव्या शिलाईचे जॅकेट हा तर तेथील जणू गणवेश आहे. विद्यार्थी, बँकेत जाणारे गृहस्थ, हातगाडी ओढणारे हमाल, सर्वांच्या अंगावर ते होते. वयस्कर पुरुषांच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचे लोकरी कोट अधिक. स्पोर्ट्स शूज घालू नयेत हा सल्ला मात्र निम्मा जुना झालेला दिसला, कारण तिशीच्या आतील बहुतेकांच्या पायांत तेच होते. फरक एवढाच की ते स्वच्छ आणि साधे होते आणि त्यांवर धावण्याच्या शर्यतीचे रंग नव्हते.

रंगांपेक्षाही एक गोष्ट डोळ्यांत भरली ती गळपट्ट्याची. कोटाची बटणे उघडी, डोके उघडे, पण गळा उघडा असा इसम संपूर्ण फलाटावर सापडला नाही. गळ्याला वारा लागला की माणूस आजारी पडतो, यावर इटलीतील लोकांचा जो विश्वास आहे तो आपल्याकडील कानाला वारा लागण्यावरील विश्वासाच्या तोडीचा आहे. आपण कान बांधतो आणि गळा मोकळा ठेवतो. ते नेमके उलट करतात. त्यामुळे कानांवरून रुमाल बांधलेला माणूस तेथे पटकन उठून दिसतो आणि त्याला दातदुखी झाली असावी असा लोकांचा ग्रह होतो.

भाची स्थानकावर आली होती. गळपट्टा बांधण्याची तिची रीत मी लगेच शिकून घेतली: लांबीत दुहेरी घडी घालायची, मानेमागून पुढे आणायची आणि दोन्ही मोकळी टोके घडीच्या फासातून ओढून घ्यायची. गाठ सैल राहते, छाती झाकली जाते आणि कॉफीचा बार किंवा दुकान यांत शिरताना एका हाताने ती उघडता येते.

घरात शिरल्यावर अंगावरचे सर्व उतरवावे लागेल ही अपेक्षा फोल ठरली. इटलीत घरे तापवण्यावर कायद्याचे बंधन आहे. फ्लॉरेन्स ज्या हवामान विभागात मोडते तेथे हीटर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात आणि दिवसाला जास्तीत जास्त १२ तास लावता येतो, आणि घरातील तापमान २० अंशांपर्यंत, सवलत धरून २२ पर्यंत, ठेवायचे असते. म्हणजे घरातही स्वेटर हवाच. भाचीच्या घरी दाराशी कोटांची खुंटी, तिच्याखाली बुटांसाठी चटई आणि बाजूला लोकरी सपाता, अशी व्यवस्था होती. परदेशात लोक घरभर बूट घालून फिरतात हा आपला सार्वत्रिक समज निदान त्या इमारतीत तरी लागू नव्हता.

सोमवार, सांत आंब्रोजो

माझा तिबेटी बाजारातील स्वेटर पसंतीस उतरला, पण त्यावरचे पातळ जॅकेट भाचीने नाकारले. नव्या दुकानांत जानेवारीच्या आरंभी सुरू होणारे हिवाळी सेल लागले होते, तरी लोकरीच्या कोटांचे भाव पाहून मी परत फिरलो. तेव्हा तिने आम्हाला सांत आंब्रोजोच्या मंडईत नेले. १८७३ मध्ये बांधलेल्या या मंडईच्या आत भाजी, चीज आणि मांस मिळते आणि बाहेरच्या बाजूस वापरलेल्या कपड्यांचे काही ठेले असतात. जुने कपडे विकत घ्यायचे, ही कल्पना पत्नीला प्रथम रुचली नाही. आपल्याकडे जुने कपडे देऊन भांडी घ्यायची पद्धत. पैसे देऊन दुसऱ्याचे कपडे घ्यायचे म्हणजे काय, असा तिचा रास्त सवाल होता. परंतु ठेल्यासमोर चांगल्या घरच्या वाटणाऱ्या बायका कोटांचे अस्तर उलटून पाहात होत्या, आणि गर्दीत मिसळायचे तर गर्दी जेथे खरेदी करते तेथेच करावी, हा भाचीचा युक्तिवाद बिनतोड होता.

कोट कसा पाहावा हे ठेलेवालीने हातवारे करून शिकवले. बाहेरचे कापड पाहण्याआधी आतील पट्टी वाचायची. लोकर ७० टक्क्यांच्या खाली असेल तर ठेवून द्यायचा. मग काखेतील शिवण आणि खिशांच्या कडा, कारण झीज पहिली तेथे होते. कॉलर उलटून तिचा रंग बाहेरच्या रंगाशी जुळवायचा. शेवटी कोट घालून दोन्ही हात पुढे करून मिठी मारल्यासारखे करायचे. पाठीत ताण आला तर आत स्वेटर मावणार नाही. पंचवीस युरोंत मला गडद राखाडी कोट मिळाला आणि पत्नीला निळा. दोन्ही कोटांना कपाटाचा वास येत होता, तो एका रात्रीत बाल्कनीत उडाला.

त्याच मंडईत त्या दिवसाचे सर्वांत संस्मरणीय वस्त्र दिसले. सत्तरीचे एक उंच गृहस्थ हातात भाजीची पिशवी घेऊन चालले होते आणि त्यांच्या अंगावर पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचा कोट होता. गडद रंगांचे सर्व उपदेश त्या एका कोटाने मोडीत काढले. भाची म्हणाली की हे कासेंतीनोचे कापड. फ्लॉरेन्सच्या पूर्वेला अरेत्सोजवळ कासेंतीनो नावाचे खोरे आहे आणि तेथील ही लोकर संत्री आणि हिरव्या रंगांसाठी प्रसिद्ध आहे. नंतर एका दुकानाच्या दारात टांगलेल्या तशाच कोटावरून मी हात फिरवून पाहिला. कापडाच्या पृष्ठभागावर बारीक बारीक लोकरी गुंडाळ्या असतात, स्वेटर बरेच धुतल्यावर त्यावर उठतात तशा, पण येथे त्या मुद्दाम उठवलेल्या असतात आणि पाऊस त्यांच्यावरच अडतो. पूर्वी हे कापड ओझ्याच्या जनावरांच्या पाठीवर टाकत आणि गाडीवान व साधू ते पांघरत. म्हणजे आपल्या घोंगडीचाच हा इटालियन चुलतभाऊ. दक्खनी मेंढीच्या लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन सणगरांनी विणलेली घोंगडी अशीच खरखरीत, अशीच पाऊस अडवणारी आणि अशीच मेंढपाळाच्या खांद्यावरची. फरक एवढाच की तिचा कोट शिवून तो भाजी आणायला घालून जाण्याचा आत्मविश्वास आपण कधी दाखवला नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

आज एपिफनीची सुट्टी. या दिवशी फ्लॉरेन्समध्ये बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांची मिरवणूक निघते आणि पिट्टी राजवाड्यासमोरून सुरू होऊन ती कॅथेड्रलच्या चौकात संपते. पंधराव्या शतकात, शहरावर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याच्या काळी, ती थाटात निघत असे. मखमली झगे, पिसांच्या टोप्या आणि रंगीत घट्ट विजारी घातलेले शेकडो लोक निघाले होते आणि त्यांतील एका ढोल वाजवणाऱ्याच्या झग्याच्या बाहीतून काळ्या थर्मलची कड डोकावत होती. ते पाहून मला फार बरे वाटले.

बुधवार, पाऊस

रात्रीपासून पावसाची बारीक रिपरिप सुरू होती. फ्लॉरेन्सचे रस्ते दगडी लाद्यांचे आहेत. ओल्या झाल्या की त्या घसरतात, आणि थंडी आभाळातून नव्हे तर या लाद्यांतून तळपायांत चढते. जाड तळाच्या बुटांचा आग्रह कशासाठी होता ते आज कळले.

स्थानकासमोरील चौकात पत्नी औषधाच्या दुकानात गेली आणि मी तिची व माझी अशा दोन मिटलेल्या छत्र्या हातात घेऊन आडोशाला उभा राहिलो. अंगात काळे फुगीर जॅकेट होते, कारण पावसात लोकरी कोट भिजवू नये म्हणून भाचीने घरातील एक जुने जॅकेट दिले होते. एवढ्यात एक गोरे पर्यटक कुटुंब थेट माझ्याकडे आले आणि त्यांतील गृहस्थांनी माझ्या हातातील छत्रीकडे बोट दाखवून इंग्रजीत भाव विचारला. मी काही बोलण्यापूर्वीच दहा पावलांवरून खरा छत्रीवाला धावत आला, त्याने पाच युरोंत छत्री विकली आणि कुटुंब मार्गी लागल्यावर मला हिंदीत विचारले, "नये आये हो क्या?"

तो बांगलादेशचा. पाऊस सुरू झाला की फ्लॉरेन्सच्या प्रत्येक चौकात जे छत्रीविक्रेते उगवतात त्यांतील पुष्कळ जण त्या देशाचे असतात, आणि किराणा दुकाने, उपाहारगृहांची स्वयंपाकघरे यांतही बांगलादेशी आणि श्रीलंकेचे लोक ठिकठिकाणी दिसतात. मी कोल्हापूरहून फिरायला आलो आहे हे सांगितल्यावर तो मोकळेपणाने हसला आणि त्यानंतर त्याने थंडीबद्दल जे सांगितले ते कोणत्याही प्रवासी पुस्तिकेत वाचल्याचे आठवत नाही. दिवसभर एका जागी उभे राहायचे असेल तर पायांखाली खोक्याचा पुठ्ठा टाकावा. त्याच्या पायांखाली तो होताच, दुहेरी घडी घालून, कडा पावसाने मऊ झालेला. एका जाड मोज्याऐवजी दोन पातळ मोजे घालावेत आणि बूट घट्ट नसावा. बोटे हलली नाहीत तर दोन मोजेही गार पडतात. हातमोजे पैसे मोजताना सारखे काढावे लागतात, म्हणून त्याने आपल्या हातमोज्यांची अंगठा आणि पहिले बोट यांची टोके कापून टाकली होती.

पत्नी बाहेर आली आणि झालेला प्रकार ऐकून इतकी हसली की छत्रीवालाही पुन्हा हसू लागला. मला मात्र तेथे उभ्या उभ्या एक गोष्ट उलगडली. गावात मिसळून जायचे म्हणून आम्ही जे चित्र डोळ्यांसमोर ठेवले होते ते उंटाच्या रंगाच्या कोटातील इटालियन गृहस्थाचे होते. परंतु आमच्या वर्णाचे आणि आमच्या चेहऱ्यामोहऱ्याचे लोक या गावात वर्षानुवर्षे राबत आहेत, तेही येथलेच आहेत, आणि आम्ही मिसळलो तर त्यांच्यात मिसळणार हे उघड होते. त्या जॅकेटात मला दिवसभरात एकाही फूलवाल्याने अडवले नाही. भाचीचा हेतू पूर्ण सफल झाला होता, फक्त तिने कल्पिलेल्या वाटेने नव्हे.

दुपारी कॅथेड्रलमध्ये शिरताना टोपी काढावी लागली. चर्चमध्ये पुरुषाने डोके उघडे ठेवायचे आणि खांदे व गुडघे झाकलेले हवेत, हा नियम हिवाळ्यात पाळणे सोपे, पण आत हीटरचे नाव नाही आणि संगमरवरी जमीन बर्फासारखी. या भव्य वास्तूचे बांधकाम १३३१ पासून लोकर विणणाऱ्यांच्या संघाकडे सोपवलेले होते आणि त्या संघाचे चिन्ह असलेली मेंढी शहरात आजही जागोजागी कोरलेली सापडते. फ्लॉरेन्सचे वैभव सावकारीवर उभे राहिले असे आपण वाचतो. त्या सावकारीआधी आणि तिच्यासोबत लोकर होती. थंडीने कुडकुडत त्या घुमटाखाली उभे राहिले की ही माहिती नुसती माहिती राहात नाही.

सायंकाळी भिजलेले बूट घेऊन सांता क्रोचे चर्चच्या आवारातील चर्मकला शाळेत गेलो. ही शाळा दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांना हुन्नर शिकवण्यासाठी चर्चच्या साधूंनी काढली. तेथील कारागिराने बूट हातात घेऊन सांगितले की आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि हीटरपासून लांब ठेवा, उष्णतेने चामडे तडकते. कोल्हापुरी भिजली तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा, हे आमचा चप्पलवाला गेली कित्येक वर्षे सांगतो आहे. कातडे कमावण्यासाठी आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा, तर फ्लॉरेन्सच्या तोस्काना प्रांतात चेस्टनटच्या लाकडाचा अर्क; पण दोघेही झाडांच्या रसावरच विसंबणारे, तेव्हा सल्ला एकच असणे स्वाभाविक आहे.

गुरुवार, प्रातो

फ्लॉरेन्सहून साध्या गाडीने अर्ध्या तासाच्या आत प्रातो येते. इचलकरंजीच्या मागांचा खडखडाट ज्याने ऐकला आहे त्याला या गावाबद्दल कुतूहल असायला हवे, कारण हे कापडाचे गाव आहे आणि तेही चिंध्यांपासून कापड करणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून येथे जुने लोकरी कपडे आणून हातांनी निवडतात, अस्तर, बटणे आणि शिवणी काढून टाकतात, चिंध्या फाडून पुन्हा तंतू करतात आणि त्यांचे सूत कातून नवे कापड विणतात. निवडीची खरी मेख रंगात आहे. चिंध्या रंगवार वेगळ्या केल्या आणि ठरावीक प्रमाणात मिसळल्या की नव्या कापडाला वेगळे रंगवावे लागत नाही. भारतात असेच काम पानिपतला मोठ्या प्रमाणावर चालते आणि तेथील स्वस्त ब्लँकेटे आपल्या घरोघरी आहेत.

१९७५ मध्ये स्थापन झालेले कापडाचे संग्रहालय एका जुन्या गिरणीत आहे. तेथून बाहेर पडल्यावर पत्नीने माझ्या राखाडी कोटाची बाही उजेडात धरून पाहिली. लांबून एकरंगी वाटणाऱ्या त्या कापडात जवळून निळे, तपकिरी आणि चक्क दोन-चार लाल तंतू दिसत होते. तो कोट प्रातोचाच असेल असे म्हणण्याचा मला काही आधार नाही. परंतु जुने कपडे अंगावर घालण्याबद्दल पत्नीची जी शेवटची कुरकुर होती, ती तेथे संपली.

शुक्रवार, काशीने उद्यान

ठरल्याप्रमाणे आज साडी. ती थंडीत कशी नेसावी याची कृती येथे नोंदवून ठेवतो, कारण कोणाला तरी उपयोगी पडेल. आत लोकरी लेगिंग, त्यावर जाडसर सुती परकर, ब्लाउजच्या जागी गळाबंद पातळ स्वेटर, आणि साडी नेहमीपेक्षा चार बोटे वर, म्हणजे बूट मोकळे राहतात आणि काठ ओल्या पाल्याला लागत नाही. पदर पुढे घेऊन कमरेला खोचला की वरून कोट नीट बसतो. निऱ्यांचे इतके थर पुढे आल्यावर मांड्यांना थंडी लागत नाही, उलट ट्राममध्ये उकडते, असा पत्नीचा अनुभव आहे आणि त्यात तिची थोडी विजयी मुद्राही मिसळलेली होती. ट्राममध्ये कोणी वळून पाहील अशी मला धास्ती होती. एका बाईंनी काठाकडे एकवार पाहिले आणि त्या पुन्हा फोनमध्ये गेल्या. आम्ही दिसू नये म्हणून आठवडाभर जेवढा आटापिटा केला तेवढे आमच्याकडे पाहायला कोणाला वेळच नव्हता.

ट्राम उद्यानाच्या गावाकडील टोकाला सोडते आणि स्मारक दुसऱ्या टोकाला, मुन्योने ओढा आर्नोला मिळतो तेथे, झाडांच्या रांगांमधून बरेच लांब आहे. वाटेत पाच-सहा अंशांत अर्ध्या चड्डीवर धावणारे फ्लॉरेन्सकर भेटले; स्थानिकांसारखे कपडे घालण्याचा आमचा निश्चय अर्थात त्यांना लागू नव्हता.

१८७० मध्ये इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना छत्रपती राजाराम महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. हिंदू रीतीचे दहन त्या शहराला अपरिचित होते. विशेष परवानगी मिळाली आणि दोन प्रवाहांच्या या संगमावर रात्री चिता रचली गेली. १८७४ मध्ये येथे दगडी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस रचला, आणि आतील अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. लोखंडी कुंपणाच्या आत, पागोटे आणि अलंकार ल्यालेले महाराज नदीकाठी बसले आहेत आणि पलीकडून १९७८ मध्ये बांधलेल्या पुलाची वाहतूक अखंड चालू आहे. त्या पुलालाही त्यांच्यावरूनच 'भारतीयाचा पूल' असे नाव पडले आहे.

त्या पागोट्याकडे पाहताना माझ्या मनात आले की युरोपातील ओलसर थंडीत त्या तरुण राजाच्या सोबतच्या मंडळींनी काय पांघरले असेल, पायांत काय घातले असेल. त्यांना गर्दीत हरवून जाण्याचा पर्याय नव्हता, आणि राजाला तर तसे करण्याचे कारणही नव्हते. आमची गोष्ट निराळी; आम्ही कोणाच्या खिजगणतीत नसलेले दोघे जण. पत्नीने कोट काढून माझ्या हातात दिला, पदर सारखा करून नमस्कार केला आणि मिनिटभरात, "द्या तो इकडे, हुडहुडी भरली," म्हणत परत चढवला.

भाचीने तेथे आमचे छायाचित्र काढले. त्यात राखाडी कोटात मी आणि इरकलीत पत्नी उभे आहोत, आणि फ्लॉरेन्सचे कोण व कोल्हापूरचे कोण असा प्रश्न कोणी विचारला तर मी तिच्या शेजारी उभा असलेला परका माणूस वाटतो.

रविवार, परतीचा प्रवास

काळे जॅकेट भाचीला परत केले. माझा कोट मेव्हण्यांच्या मुलासाठी ठेवला आहे. तो उन्हाळ्यानंतर जर्मनीला शिकायला निघेल आणि बाह्या दोन बोटे लांब करून घेतल्या की त्याला बसेल. बुटांचे माप जुळत नसल्याने ते माझ्याकडेच राहतील. गळपट्टा मात्र पत्नीने कोणाला द्यायचा नाही असे ठरवले आहे, कारण पन्हाळ्यावर पहाटे फिरताना कान बांधण्यासाठी तो फार सोयीचा आहे.